सेटलमेंट होल्डवर आहे, म्हणजे पैसा कुणाकडे आहे?

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं छोटं ऑफिस आहे. जीएसटी, टीडीएस, इन्कम टॅक्स, शॉप ॲक्ट, कर्जाच्या फाइली, व्यापाऱ्याला लागणारे बहुतेक कागद मी करून देते. माझ्या पार्ट्या म्हणजे गुळाचे अडते, महाद्वार रोडवरची कापडाची दुकानं, चप्पल लाइनमधले काही दुकानदार, राजारामपुरीतली एक बेकरी आणि हुपरीचे एक चांदीवाले. पूर्वी या लोकांचा हिशेब रोजकीर्द आणि बँकेचं पासबुक एवढ्यावर जुळायचा. आता प्रत्येक फाइलीत तिसरा कागद आलाय, सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे ऑनलाइन भरलेले पैसे दुकानदाराला कसे चुकते झाले त्याचा हिशेब. गिऱ्हाइकानं दिलेले पैसे दुकानदाराच्या खात्यात पडेपर्यंत मध्ये एक कंपनी उभी असते, आणि ती बँक नसते. अशा कंपन्यांना बँकेसारखे नियम लावावेत का, यावर हल्ली बरंच बोललं जातं. मला हा प्रश्न टेबलावर रोज दिसतो, म्हणून लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. भांडवल, परवाना, शाखा या बाबतीत सगळ्यांना बँकेच्या रांगेत उभं करू नये. पण लोकांचा पैसा जिथे थांबतो, मग तो एक रात्र का थांबेना, तिथे जाब विचारायची सोय बँकेइतकीच पक्की हवी. आज ती तशी नाही.

मागच्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. चप्पल लाइनमधल्या एका काकांची मुलगी इन्स्टाग्रामवर कापशी आणि कुरुंदवाडी चपला विकते. ऑर्डर आली की पेमेंट लिंक पाठवते, पैसे भरल्याचा मेसेज आला की कुरिअर करते. त्या हंगामात तिचं एक रील चांगलं चाललं आणि पुण्यापासून बंगळूरपर्यंत ऑर्डरी आल्या. माल गेला, पैसे मात्र खात्यात येईनात. कंपनीच्या डॅशबोर्डवर रक्कम स्पष्ट दिसत होती आणि शेजारी लिहिलेलं होतं: सेटलमेंट होल्डवर, तपासणी चालू.

बापलेक माझ्याकडे आले. कंपनीनं ईमेलवर कागद मागितले होते. आम्ही टेबलावर कुरिअरच्या सगळ्या पावत्या पसरल्या. प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात पोरीनं बॉलपेननं ऑर्डर नंबर आणि चपलेचं माप लिहून ठेवलं होतं: सात नंबर, गडद रंग, जाड तळ. एक पावती, तिच्यापुढे ऑर्डरचा स्क्रीनशॉट, त्याच्यापुढे पेमेंटचा आयडी, असं एकेक जुळवत फोटो काढले आणि चढवले. सोबत शॉप ॲक्ट, जीएसटी सर्टिफिकेट, लाइट बिल, दुकानाच्या पाटीचा फोटो. दोन दिवसांनी तेच कागद पुन्हा मागितले गेले. चॅटवर विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, तुमची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. फोन नंबर कुठेच नव्हता.

काकांना काळजी शनिवारची होती. सुभाषनगरातले कारागीर जोडीमागे मजुरी घेतात आणि आठवड्याचा हिशेब शनिवारी चुकता होतो. कातडं उधारीवर मिळतं, मजुरी उधारीवर चालत नाही. काका मला म्हणाले, "ताई, बँकेनं अडवलं तर म्यानेजरच्या टेबलापुढं जाऊन बसता येतंय. हितं कुणाच्या दारात बसायचं?"

शेवटी पैसे आले, पै न् पै आली. का अडवले होते याची एक ओळही आली नाही. तोवर काकांनी मेव्हण्याकडून हातउसने घेऊन मजुरी भागवली होती.

कंपनीला शंका घ्यायचा हक्कच नव्हता, असं माझं म्हणणं नाही. खोटी दुकानं काढून दिवाळीत पैसे गोळा करून पळणारे आहेत, आणि गिऱ्हाइकानं पैसे परत मागितले तर ते कंपनीच्या गळ्यात पडतात. विक्री अचानक वाढली तर तपासणी व्हायलाच हवी. पण तपासणी किती दिवस चालेल, कोण करतंय, नेमकं काय कमी आहे, हे सांगायचं बंधन कुणावर आहे? त्या कंपनीच्या वागण्यावरून तरी कुणावरच नसावं असं वाटलं.

खरं तर नियम आहेत. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२० मध्ये पेमेंट ॲग्रीगेटर, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे गोळा करून व्यापाऱ्याला पोचवणाऱ्या, कंपन्यांसाठी नियमावली काढली. अर्ज करताना नक्त मालमत्ता १५ कोटी रुपये हवी आणि तिसऱ्या आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंत २५ कोटी. व्यापाऱ्यांचे पैसे कंपनीनं आपल्या धंद्याच्या पैशांत मिसळायचे नाहीत, शेड्यूल्ड व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे दुसऱ्याचे पैसे राखून ठेवायच्या वेगळ्या खात्यात, ठेवायचे. व्यापाऱ्याला पैसे कधी द्यायचे याचंही वेळापत्रक त्यात दिलं होतं, आणि तक्रारीसाठी नोडल अधिकारी नेमणंही सक्तीचं आहे. म्हणजे काकांचे पैसे कंपनीच्या खिशात नव्हते, एका बँकेतच होते. हे मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग ती बँकच का देत न्हाई?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ती बँक काकांना ओळखत नाही. एस्क्रो खातं कंपनीच्या नावावर, खातेदार कंपनी, काका त्या बँकेचे कुणीच नाहीत. पैसा बँकेत सुरक्षित असतो, पण बँकेच्या खातेदाराला जे हक्क असतात ते पैशाच्या खऱ्या मालकाला मिळत नाहीत. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे.

आता सगळ्याच ॲपना एका मापानं मोजणंही चूक ठरेल. दुकानाच्या काउंटरवर जो क्यूआर लावलेला असतो, त्यातले यूपीआयचे पैसे बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या बँकेतून थेट दुकानदाराच्या बँकेत जातात. ॲप फक्त निरोप्याचं काम करतं. यूपीआय २०१६ साली आलं, ते चालवते एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, आणि मागे बँका उभ्या आहेत. असल्या ॲपला बँकेइतकं भांडवल ठेवायला लावण्यात अर्थ नाही, कारण त्यानं लोकांच्या ठेवी घेतलेल्याच नसतात. वॉलेटचं वेगळं आहे. तिथे पैसे आधी भरून ठेवायचे असतात. पूर्ण केवायसी केली तर दोन लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते, त्यावर व्याज मिळत नाही आणि बँकेतल्या ठेवीला मिळणारा पाच लाखांचा विमाही मिळत नाही. वॉलेटचा पैसाही एस्क्रोत असतो आणि २०१५ च्या दुरुस्तीनं २००७ च्या पेमेंट कायद्यात आलेल्या कलमामुळे त्या पैशावर पहिला हक्क ग्राहकाचा राहतो. एवढं संरक्षण आहे आणि ते चांगलं आहे. पण माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांना वॉलेटमधले पैसे आणि बँकेतले पैसे यांत काही फरक आहे हेच माहीत नाही. एकाच स्क्रीनवर, एकाच रंगात, एकाखाली एक दोन्ही शिलका दिसतात, मग कळणार कसं?

कोल्हापूरच्या माणसाला हा गोंधळ नवा नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था झाल्या. काचेचं काउंटर, पासबुक, लॉकर, रोज दुकानात येणारा पिग्मी एजंट, भिंतीवर संस्थापकांचा फोटो. लोकांनी विश्वासानं बँक समजून पैसे ठेवले. पुष्कळ पतसंस्था आजही उत्तम चालल्या आहेत, त्यांच्यावर कितीतरी छोटे धंदे उभे राहिले. पण ज्या बुडाल्या, त्यांच्या दारात उभं राहिल्यावर लोकांना पहिल्यांदा कळलं की पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते, ती सहकार खात्याच्या कायद्याखाली येते आणि तिच्या ठेवींना तो विमा लागूच नाही. मुलीच्या लग्नासाठी पिग्मी भरलेली माणसं मी सहकार खात्याच्या कचेरीत तासन् तास बसलेली पाहिली आहेत. दाखवायला बँक आणि कायद्यानं दुसरंच काहीतरी, ही परिस्थिती आपण एकदा भोगली आहे. म्हणून ॲपच्या बाबतीत मला घाई वाटते.

अमेरिकेत २०२४ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. सिनॅप्स नावाची कंपनी ॲप आणि बँका यांच्या मध्ये बसून हिशेब ठेवायची. ती दिवाळखोरीत गेली, बँकांचे आणि तिचे आकडे जुळेनात, आणि एक लाखाहून जास्त लोकांचे सुमारे २६.५ कोटी डॉलर अडकून पडले. तपासात ६.५ ते ९.६ कोटी डॉलरची तूट निघाली. ॲपवर लिहिलेलं होतं की ठेवींना सरकारी विमा आहे. विमा होता, पण बँक बुडाली तर. बँका तर शाबूत होत्या, बुडाला होता मधला हिशेबनीस. हिशेब लिहिणारी बाई म्हणून ही बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. रोजच्या रोज कुणाचे किती याची यादी बँकेकडेही हवी, मधल्या कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहू नये, एवढा साधा नियम असता तर ही वेळ आली नसती.

चीननं दुसरं टोक गाठलं. तिथल्या पेमेंट कंपन्यांना २०१९ च्या जानेवारीपासून ग्राहकांची संपूर्ण शिल्लक मध्यवर्ती बँकेत ठेवावी लागते. त्याआधी त्या कंपन्या लोकांच्या शिलकीवर बँकांकडून व्याज कमवत होत्या. आपल्याकडे थेट तसंच करा असं मी म्हणणार नाही, पण लोकांच्या थांबलेल्या पैशावर कोण कमावतं हा प्रश्न आपणही विचारायला हवा.

मग सरळ बँकच करून टाका की, असं काही जण म्हणतात. आपण तोही प्रयोग केलाय. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ११ अर्जदारांना पेमेंट्स बँकेसाठी तत्त्वतः मंजुरी दिली. ठेवी घ्यायच्या, पण कर्ज द्यायचं नाही, बहुतेक पैसा सरकारी रोख्यांत ठेवायचा. गणित जमेना म्हणून अकरापैकी काहींनी सुरू होण्याआधीच माघार घेतली, एकीनं सुरू करून बंद केली. आणि बँकेचा परवाना असला म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि नव्या ठेवी, टॉप-अप घेणं १५ मार्चनंतर बंद झालं. त्या फेब्रुवारीत माझ्या ऑफिसात दुकानदारांची रीघ लागली होती. काउंटरवरचा साउंडबॉक्स बंद होणार का, खात्यातले पैसे जाणार का, हेच दोन प्रश्न. ज्यांचं सेटलमेंट दुसऱ्या बँकेत जात होतं त्यांना काही करायचं नव्हतं, ज्यांचं त्या पेमेंट्स बँकेतच जमा होत होतं त्यांना खातं बदलायचं होतं. एवढं समजावायला मला दिवसच्या दिवस लागले, कारण आपले पैसे नक्की कुठे जमा होतात हे निम्म्या लोकांना सांगता येत नव्हतं.

तरीही त्या प्रकरणात एक गोष्ट नीट झाली. तारीख आधी जाहीर झाली, ती एकदा वाढवली गेली, शिल्लक काढायला मुभा राहिली, आणि रिझर्व्ह बँकेनं प्रश्नोत्तरं काढून कुणाला काय करायचं ते सांगितलं. आदेश देणारा कोण आहे हे लोकांना ठाऊक होतं. देखरेख असण्याचा फायदा तो हाच.

बँकांना मी देव मानत नाही. २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १००० रुपये काढायची परवानगी होती. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले आणि त्याच रात्री फोनपे बंद पडलं, कारण त्याचं यूपीआय त्याच एका बँकेवर चाललेलं होतं. ॲप चांगलं, ॲपमागची बँक आजारी, आणि दुकानदाराचा धंदा खोळंबला. माझ्या एका गूळवाल्या पार्टीचं चालू खातं बँकेनंच गोठवलं होतं. परराज्यातल्या कुणा फसवणूक झालेल्या माणसाचे थोडे पैसे फिरत फिरत त्यांच्या खात्यात आले होते, गुळाच्या बिलापोटी. पूर्ण खातं बंद. पण शाखेत गेल्यावर मॅनेजरनं पोलिसांच्या पत्राची प्रत दिली, त्यावर ठाण्याचं नाव होतं, तक्रारीचा क्रमांक होता. त्या कागदावर आम्ही बिलं, काट्याची चिठ्ठी, ट्रकची पावती जोडून अर्ज पाठवला आणि खातं सुटलं. त्रास दोघांनाही सारखाच झाला. गूळवाल्याला कुठे दाद मागायची ते माहीत होतं, चप्पलवाल्याला नव्हतं.

मला हवंय ते याच फरकापुरतं आहे. पैसा अडवलाच तर २४ तासांत लेखी कारण द्यावं, आणि मराठीतही द्यावं. तपासणीला मुदत असावी. शंका जेवढ्या रकमेवर आहे तेवढीच थांबवावी, बाकीची सोडावी. आणि मुदत टळली तर दिवसाला दंड कंपनीनं व्यापाऱ्याला द्यावा. दंडाची कल्पना माझी नाही, ती रिझर्व्ह बँकेचीच आहे. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयचा व्यवहार फसला आणि पैसे ठरलेल्या मुदतीत परत आले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. दुकानातल्या खरेदीसाठी ती मुदत पाच दिवसांची आहे. फसलेल्या व्यवहाराला जो न्याय, तो अडवलेल्या सेटलमेंटला लावायला काय हरकत आहे? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं दारही ॲपच्या ग्राहकाइतकंच छोट्या व्यापाऱ्यालाही ऑनलाइन विक्रीच्या पैशांसाठी निःसंदिग्ध उघडं असायला हवं.

यापुढची भीती कर्जाची आहे. यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. दुकानदाराच्या दृष्टीनं हे फार चांगलं झालं. पण कंपनीला कमाई कुठून तरी करावी लागते, म्हणून साउंडबॉक्सचं भाडं आणि कर्जं आली. रोजची क्यूआरची उलाढाल बघून एखाद्या वित्तसंस्थेमार्फत दुकानदाराला कर्ज देतात आणि हप्ता रोजच्या जमेतून आपोआप कापतात. पिग्मीसारखंच, फक्त उलट्या दिशेनं. महिनाअखेरीला मी सेटलमेंट रिपोर्ट उघडते तेव्हा विक्री एक, खात्यात जमा दुसरीच, आणि मधली वजाबाकी कशाकशाची आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "काय तरी कापत्यात रोज." जी कंपनी त्याचा गल्ला रोज बघते, तीच कर्ज देववते, तीच वसूल करते आणि तीच सेटलमेंट थांबवूही शकते. इतकी सत्ता एका ठिकाणी असेल तर ती मला बँकेपेक्षाही जास्त वाटते, आणि तिथे हप्ता, व्याज, भाडं हे रिपोर्टमध्ये वेगवेगळ्या ओळीत दाखवायची सक्ती पाहिजेच पाहिजे.

आकारही विसरून चालणार नाही. देशातले सुमारे ऐंशी टक्के यूपीआय व्यवहार दोन ॲपवरून होतात. कुणा एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये असं एनपीसीआयनं २०२० मध्येच ठरवलं, पण मुदत वाढत वाढत आता डिसेंबर २०२६ वर गेली आहे. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, यूपीआय देशभर अडखळलं. शनिवार म्हणजे आमच्या महाद्वार रोडला अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या लोकांची गर्दी. खिशात रोकड नसलेली माणसं दुकानात वस्तू हातात घेऊन उभी होती. इतकं सगळं ज्यांच्यावर चालतं, त्या यंत्रणा बँका नसल्या तरी त्यांच्या बंद पडण्याचा जाहीर अहवाल लोकांसमोर यायला हवा.

नियम होतील तेव्हा होतील. माझ्या पार्ट्यांना मी सध्या एवढं करायला लावते: ऑनलाइन विक्रीसाठी दोन वेगळ्या कंपन्यांचे गेटवे, म्हणजे पैसे घ्यायच्या सोयी, ठेवा. सेटलमेंट रोजच्या रोज आपल्या बँकेत घ्या, वॉलेटमध्ये मोठी रक्कम ठेवू नका. कुरिअरची पावती आणि बिल महिन्याच्या लखोट्यात घालून ठेवा. हंगामात विक्री वाढणार असेल तर कंपनीला आधी ईमेलनं कळवा. नोडल अधिकाऱ्याचा पत्ता वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो, तो भांडण व्हायच्या आधीच वहीत लिहून घ्या. फसवणूक झाली तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग मला.

काकांच्या मुलीनं दुसऱ्या गेटवेचा अर्ज भरलाय. शॉप ॲक्टवर दुकानाचं नाव एक आणि जीएसटीवर दुसरं आहे म्हणून तो परत आला. ती दुरुस्ती या आठवड्यात करून देते आहे.